पुराचा वाटा कुणाच्या नावे?

13 जुलै 2023 रोजी दिल्लीच्या जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेची पातळी 208.66 मीटरवर गेली आणि 1978 च्या महापुराचा 207.49 मीटरचा विक्रम पंचेचाळीस वर्षांनी मोडला. काश्मिरी गेट आणि सिव्हिल लाइन्सचा सखल भाग बुडाला, लाल किल्ल्याच्या तटाला पाणी लागले, आयटीओचा चौक तळे झाला आणि पाणी सर्वोच्च न्यायालयाच्या परिसरापर्यंत पोहोचले. वझिराबाद, चंद्रावल आणि ओखला येथील जलशुद्धीकरण केंद्रे बंद ठेवावी लागली, त्यामुळे पुरात बुडालेल्या शहराला प्यायचे पाणी कमी पडले.

या पुरातली सर्वांत बोलकी गोष्ट मात्र छायाचित्रांत नव्हती, सरकारी नोंदवहीत होती. हरियाणातल्या हथनीकुंड बंधाऱ्यावरून त्या वर्षी सर्वाधिक विसर्ग झाला तो सुमारे 3 लाख 59 हजार क्युसेक. 2013 आणि 2019 या दोन्ही वर्षी तिथून 8 लाख क्युसेकहून अधिक पाणी सुटले होते आणि दिल्लीतली पातळी अनुक्रमे 207.32 आणि 206.60 मीटरवर थांबली होती. म्हणजे 2023 मध्ये निम्म्याहून कमी पाणी आले आणि नदी सव्वा ते दोन मीटर अधिक चढली. त्या वर्षी विसर्ग जास्त वेळ टिकला, पात्रात गाळ साचला होता, पुलांनी, बांधांनी आणि भरावांनी पात्र आवळले होते, शिवाय आयटीओ बंधाऱ्याच्या 32 पैकी 5 दारे गंजून अडकली होती, अशी कारणे पुढे आली. यातली बहुतेक माणसांच्या हातची आहेत. पाऊस आभाळातून येतो, पण तो कुठे आणि किती उंच साचायचा हे बरेचसे जमिनीवर ठरते.

तर मग ते ठरवले कुणी, हा प्रश्न उरतो. आपल्याकडे त्याची दोन ठरलेली उत्तरे आहेत. पहिले नागरिकांचे: आम्ही कर भरतो, पूर रोखणे सरकारचे काम. दुसरे सरकारी पाहुण्याचे, एखाद्या परिसंवादातले: सरकार सगळे करू शकत नाही, ही सर्वांची सामूहिक जबाबदारी आहे. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. पहिल्यात नागरिक सुटतो, दुसऱ्यात सरकार. आणि जी जबाबदारी सर्वांची म्हणून जाहीर होते, ती शेवटी ज्याचा आवाज सर्वांत लहान त्याच्या गळ्यात पडते.

जबाबदारीची वाटणी समसमान करून चालणार नाही. ती निवडीच्या मापाने व्हायला हवी. धोका कुठे आहे हे कुणाला ठाऊक होते? तो टाळण्याचा अधिकार कुणाकडे होता? आणि दुसरीकडे जाण्याची किंवा वेगळे वागण्याची ऐपत कुणाची होती? माहिती, अधिकार आणि पर्याय ही तीन मापे लावली, तर दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी परिसरात पुराचा हिशेब बराच स्पष्ट होतो. तो कुणालाच पूर्ण निर्दोष सोडत नाही, पण सगळ्यांना सारखे दोषीही धरत नाही.

सुरुवात सरकारांपासून करू, कारण ती तिथे एक नाहीत, अनेक आहेत. 2023 मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी हथनीकुंडचा विसर्ग मर्यादित ठेवावा म्हणून केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहिले, त्यांच्या पक्षाने हरियाणावर आरोप केले, हरियाणाने ते फेटाळले. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नाट्य नवे नाही. सांगली-कोल्हापुरात पाणी शिरले की अलमट्टीकडे बोट जाते, तसेच दिल्लीत हथनीकुंडकडे. फरक इतकाच की अलमट्टी हे मोठे धरण आहे आणि हथनीकुंड हा बंधारा. त्याच्या मागे पूर साठवून ठेवायला जागा नाही. नदीला मोठा लोंढा आला की कालव्यांची दारे बंद करून पाणी मुख्य प्रवाहात सोडणे, हीच तिथली पद्धत. ते पाणी दिल्लीला पोहोचायला साधारण दोन ते तीन दिवस घेते, म्हणजे इशारा मिळतो. वरच्या खोऱ्यातले रेणुका, लखवार, किशाऊ हे साठवण प्रकल्प दशकानुदशके रेंगाळले, त्याचा दोष कुणा एका मुख्यमंत्र्याचा नाही. आयटीओ बंधारा दिल्लीच्या मधोमध आहे, पण त्याची देखभाल हरियाणाच्या पाटबंधारे खात्याकडे होती. दारे अडकली तेव्हा ती उघडायला लष्कर आणि नौदलाच्या पथकांना बोलवावे लागले.

दिल्ली आणि हरियाणात वेगवेगळ्या पक्षांची सरकारे असल्यामुळे हे होते, असे म्हणण्याची सोय 2025 ने काढून घेतली. त्या वर्षी केंद्रात, हरियाणात आणि दिल्लीत एकाच पक्षाची सत्ता होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला हथनीकुंडहून सुमारे 3 लाख 29 हजार क्युसेक पाणी सुटले आणि लोखंडी पुलापाशी नदी 207.48 मीटरवर गेली, 1978 पेक्षा अवघा एक सेंटिमीटर कमी. पक्षांचे भांडण मिटले तरी पात्र रुंद होत नाही.

पात्र अरुंद कुणी केले, हे पाहू. पूरमैदानावरच्या अतिक्रमणाचा विषय निघाला की डोळ्यांसमोर येते ती खादरमधली, म्हणजे नदीकाठच्या सखल पट्ट्यातली झोपडी, भाजीचा मळा, रोपवाटिका. पण याच पूरमैदानात 2005 मध्ये अक्षरधाम मंदिर उभे राहिले, राष्ट्रकुल स्पर्धांसाठी मिलेनियम बस डेपो आणि 2010 चे क्रीडाग्राम झाले, मेट्रोचे डेपो झाले. क्रीडाग्रामाला उच्च न्यायालयात अडथळा आला, 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दूर केला. मार्च 2016 मध्ये तिथेच एक जागतिक सांस्कृतिक सोहळा भरला, पंतप्रधान त्याला हजर होते आणि राष्ट्रीय हरित लवादाने आयोजक संस्थेला 5 कोटी रुपये पर्यावरण भरपाई भरायला लावली. या प्रत्येक बांधकामामागे एखादी फाइल होती, सही होती, परवानगी होती. ज्याच्या हाती नकाशा होता, त्यानेच नकाशावरची नदी खोडली. तिन्ही मापे इथे एकाच पारड्यात पडतात: माहिती सरकारकडे होती, अधिकार सरकारचा होता आणि दुसरी जागा शोधण्याची ताकदही सरकारचीच होती.

आता दुसरे पारडे. यमुनेच्या खादरमध्ये मळा कसणारे, मजुरी करणारे, रोपे विकणारे लोक दर मोठ्या पुरात बोचकी घेऊन मयूर विहारच्या बाजूला रस्त्याकडेच्या तंबूत राहायला येतात. नदी उतरली की परत जातात आणि पुढच्या खेपेला नदी नाही तर बुलडोझर येतो. धोका त्यांना कुणापेक्षाही चांगला कळतो, पण कळून उपयोग नाही, कारण पर्यायाच्या रकान्यात शून्य आहे. कामाच्या जवळ परवडणारे घर ज्या शहराने बांधले नाही, त्या शहराने या माणसाला जोखमीचा भागीदार म्हणणे ही थट्टा आहे. त्याला 2023 मध्ये कुटुंबामागे 10 हजार रुपये मदत जाहीर झाली. पंचनामा, सानुग्रह अनुदान आणि पुन्हा तीच जागा, हे चक्र आपल्याकडेही कृष्णा-पंचगंगेच्या काठी पाठ झाले आहे.

या दोघांच्या मधला वर्ग सर्वांत अवघड आहे. जैतपूर, मदनपूर खादर, अबुल फझल अशा वस्त्यांमध्ये पूरमैदानाच्या 'ओ' झोनमध्ये लाखो लोकांनी पै पै जमवून घरे बांधली. 2019 च्या कायद्याने दिल्लीतल्या 1,731 अनधिकृत वसाहतींना मालकी हक्काचा मार्ग खुला झाला, 'ओ' झोन मात्र त्यातून वगळला गेला. कागदावर हे योग्यच दिसते. पण त्याच घरांना विजेचे मीटर आहे, मतदार ओळखपत्र आहे, गल्लीत काँक्रीट आहे आणि निवडणुकीच्या तोंडावर नियमित करण्याचे आश्वासनही आहे. एक खाते म्हणते तुम्ही इथे नाहीच, दुसरे खाते बिल पाठवते. अशा ठिकाणी घर घेणाऱ्याने काहीच चूक केली नाही असे नव्हे. त्याने स्वस्त जमिनीचा जुगार खेळला. पण तो जुगाराचा अड्डा चालू ठेवणाऱ्याने खेळणाऱ्याला शिस्त शिकवू नये.

इथवर दोष बहुतेक सरकारच्या पदरात पडला. आता ज्यांच्यासारखी माणसे हा लेख वाचत असतील, त्यांच्याकडे वळायला हवे.

ओल्ड राजिंदर नगर हे नाव महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत पाठ आहे. लातूर, सोलापूर, अमरावतीची मुले लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी करोलबागच्या आसपास खोल्या घेऊन राहतात, मराठी जेवणाचा डबा शोधतात आणि दिवसचे दिवस अभ्यासिकेत बसतात. 27 जुलै 2024 च्या संध्याकाळी तिथल्या एका शिकवणी वर्गाच्या तळघरातल्या वाचनालयात रस्त्यावरचे पाणी घुसले आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. त्या तळघराला मंजुरी होती ती वाहने आणि सामान ठेवण्यासाठी. तिथे बेकायदा वाचनालय चालते, अशी तक्रार एका विद्यार्थ्याने महिनाभर आधीच केली होती.

त्यानंतर जे झाले ते जबाबदारीच्या वाटणीचा धडा म्हणून वाचावे. पोलिसांनी वर्गाचे चालक आणि तळघराचे मालक पकडले, ते समजू शकते. पण त्यांनी रस्त्यावरून गाडी नेणाऱ्या एका माणसालाही पकडले. त्याच्या गाडीने उसळलेल्या लाटेने दार तुटले, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने पोलिसांच्या या तपासाची खरडपट्टी काढली, तपास सीबीआयकडे सोपवला आणि त्या माणसाला जामीन मिळाला. महापालिकेने एका कनिष्ठ अभियंत्याला कामावरून काढले, एका सहायक अभियंत्याला निलंबित केले. मग नाल्यांवर बांधलेले रॅम्प फोडायला बुलडोझर आले. ते रॅम्प वर्षानुवर्षे तिथेच होते आणि त्यांवरून रोज गाड्या चढत होत्या.

हे रॅम्प नागरिकांनीच बांधले होते. दिल्लीतल्या कुठल्याही सुखवस्तू वसाहतीत हेच दिसते. घरासमोरचा पावसाळी नाला म्हणजे आपल्या गाडीचा चढ. झाडाभोवतीची माती म्हणजे चिखल, म्हणून ती फरशीने झाकायची. तळघर म्हणजे भाड्याचा एक मजला. शंभर चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पावसाचे पाणी जिरवण्याची सोय सक्तीची आहे, म्हणून दाखल्यापुरता एक खड्डा खणायचा आणि दाखला हाती आला की तो विसरायचा. यात गरिबी नाही, अज्ञान नाही, नाइलाज तर मुळीच नाही. माहिती, अधिकार, पर्याय तिन्ही असताना हे केले जाते. चार घरांचे पाणी जमिनीत न मुरता रस्त्यावर येते आणि उतार संपतो तिथल्या पाचव्या घरात शिरते. त्या पाचव्या घरासमोर पहिल्या चार घरांची जबाबदारी महापालिकेइतकीच खरी आहे. "नालेसफाई झाली नाही" ही तक्रार खरी असली तरी आपल्या रॅम्पखालचा नाला साफ करायला हात शिरत नाही, हेही तितकेच खरे.

मात्र नागरिकाच्या या कर्तव्याची दुसरी बाजू गुरुग्रामने दाखवली आहे. अरवलीच्या उतारावरून नजफगढच्या सखल भागाकडे पाणी वाहून नेणारे ओढे आणि ते थोपवणारे घाटा, झाडसा, वझिराबाद, चक्करपूरचे जुने बांध हे त्या भागाचे पाण्याचे शास्त्र होते. 1975 च्या हरियाणाच्या नगरविकास कायद्याखाली खासगी विकासकांना परवाने मिळत गेले आणि त्या ओढ्यांवर सेक्टर बसले. परवाना देताना सरकार विकासकाकडून बाह्य विकास शुल्क घेते, विकासक ते फ्लॅट घेणाऱ्याच्या माथी मारतो. या पैशातून मुख्य रस्ते, मलवाहिन्या, पावसाळी गटारे व्हायची असतात. फ्लॅट विकले गेले, शुल्क वसूल झाले आणि गटारे मागे राहिली. 28 जुलै 2016 च्या पावसात बादशाहपूरचा नाला फुगला आणि माणसे रात्रभर गाड्यांत अडकली, तेव्हा लोकांनी त्या कोंडीला 'गुरुजाम' असे नाव दिले. महानगर विकास प्राधिकरण त्यानंतर, 2017 मध्ये स्थापन झाले. नरसिंगपूरजवळ महामार्गावर अजूनही जवळजवळ दरवर्षी पाणी साचते. इथल्या नागरिकाने आपला वाटा आगाऊ रोख भरला होता. त्याला पुन्हा जबाबदारीचे प्रवचन देण्याआधी त्याच्या पैशाचा हिशेब द्यायला हवा.

वाटणी करायची तर समोर कोण आहे हेही कळले पाहिजे. दिल्लीच्या पाण्याचा निचरा आजवर मुख्यतः 1976 च्या आराखड्यावर चालला. आयआयटी दिल्लीने 2018 मध्ये नवा आराखडा दिला, तो स्वीकारला गेला नाही, दुसरा जाहीर व्हायला 2025 उजाडले. रस्त्याकडेची गटारे कुठे महापालिकेची, कुठे सार्वजनिक बांधकाम खात्याची, कुठे दिल्ली विकास प्राधिकरणाची, नवी दिल्लीत एनडीएमसीची, छावणीत छावणी मंडळाची. मलवाहिनी जल मंडळाची आणि मोठे नाले पाटबंधारे व पूरनियंत्रण खात्याचे. एप्रिल 2024 मध्ये उच्च न्यायालयाने 22 उघडे नाले एका खात्याकडे देण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे निदान मोठ्या नाल्यांना एक धनी मिळाला. घरासमोर तुंबलेले गटार कुणाचे, हे शोधण्यात नागरिकाचा पावसाळा सरत असेल, तर सहभागाची भाषा पोकळ ठरते.

जगाने या वाटणीचे निरनिराळे प्रयोग केले आहेत. नेदरलँड्समध्ये पाण्याची व्यवस्था पाहणारी स्थानिक जलमंडळे मध्ययुगापासून आहेत, त्यांची स्वतंत्र निवडणूक होते आणि त्यांचा स्वतंत्र कर असतो. तिथला नागरिक पुरासाठी वेगळे पैसे मोजतो आणि त्या पैशाचा जाब विचारायला वेगळे मतही देतो. अमेरिकेने 1968 मध्ये सरकारी पूरविमा काढला, पण हप्ते धोक्याच्या मानाने स्वस्त ठेवले. तीच घरे पुन्हा पुन्हा बुडाली, पुन्हा पुन्हा बांधली गेली, योजना कर्जात रुतली आणि 2017 मध्ये संसदेला तिचे 16 अब्ज डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. ब्रिटनने 2016 मध्ये 'फ्लड री' ही व्यवस्था सुरू केली. विमा कंपन्यांच्या सामायिक निधीतून धोक्याच्या जागेतल्या घरांना परवडेल असा विमा मिळतो, पण 1 जानेवारी 2009 नंतर बांधलेली घरे त्यातून वगळली आहेत आणि योजना 2039 मध्ये संपणार आहे. त्यामागचा न्याय सरळ आहे. धोका माहीत नव्हता तेव्हा ज्यांनी घरे बांधली त्यांना समाजाने सांभाळावे, माहीत असून जे बांधतील त्यांनी आपले आपण पाहावे.

हा न्याय दिल्लीला हवा आहे, पण त्याची पहिली अटच तिथे पुरी झालेली नाही. धोका माहीत होण्यासाठी तो कुणीतरी जाहीर करावा लागतो. केंद्रीय जल आयोगाने पूरमैदान क्षेत्रनिश्चितीचा नमुना कायदा 1975 मध्येच राज्यांकडे पाठवला, मोजक्या राज्यांनी तो केला आणि दिल्ली त्यांत नाही. महाराष्ट्रातही नद्यांच्या निळ्या आणि लाल पूररेषा शासननिर्णयांच्या आधारावर उभ्या आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आपल्याकडच्या सामान्य माणसालाही ऐकून ठाऊक आहे, एवढे तरी श्रेय आपल्याला द्यावे लागेल. पण ती रेषा सरकवून घेण्याची खटपटही आपल्याच शहरांत चालते. रेषा फायलीत राहिली तर ती बिल्डरला कळते, घर घेणाऱ्याला कळत नाही.

म्हणून वाटणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी माहिती, मग अधिकाराची निश्चिती, मग नागरिकाचा वाटा. प्रत्येक भूखंडाचा पूरधोका सर्वांना पाहता यावा आणि तो खरेदीखतात, भाडेकरारात, कर्जाच्या कागदात नोंदवला जावा. मुद्रांक शुल्क घेणाऱ्या सरकारला एवढी एक ओळ छापणे अवघड नाही. प्रत्येक नाल्यावर त्याच्या मालक खात्याचे नाव आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहिलेले असावे. त्यानंतर एक तारीख ठरवावी. त्या तारखेनंतर पूरमैदानात जे नवे बांधेल, त्याला मदत नाही, नियमितीकरण नाही, वीजजोडणी नाही आणि हा नियम पहिल्यांदा सरकारी प्रकल्पांना लागू व्हावा. त्या तारखेच्या आधीपासून राहणाऱ्या गरिबांना कामाच्या पल्ल्यात पर्यायी घर मिळावे, शहराबाहेर तीस किलोमीटरवर नव्हे. आणि ज्या घरमालकाने नाला बुजवला, तळघर भाड्याने दिले, मोकळी जमीन झाकली, त्याच्याकडून मालमत्ता करातच दंड वसूल व्हावा, अपघातानंतरच्या बुलडोझरने नव्हे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. पूरधोका कागदावर आला तर लाखो घरांच्या किमती पडतील आणि आयुष्यभराची कमाई एका नोंदीने बुडेल. ते खरे आहे. पण नोंद नसली म्हणून धोका जात नाही, तो फक्त अंधारात हात बदलतो. आजचा मालक तो उद्याच्या खरेदीदाराला विकतो आणि शेवटी तो त्याच्याकडे राहतो ज्याला विचारायचे काय हेच ठाऊक नव्हते. किंमत पडणे वेदनादायक आहे, म्हणूनच ज्या सरकारने या वस्त्यांना मीटर दिले आणि त्यांची मते घेतली, त्याने त्या घसरणीचा भार उचलण्यात वाटा घ्यायला हवा. निवडीच्या मापाने वाटणी करायची तर ती सरकारलाही चुकत नाही.

पूर कुणाचा, याचे भांडण दर पावसाळ्यानंतर ओसरते, कारण त्यात कुणाच्याच नावे काही लिहिले जात नाही. लिहायला घेतले, तर पहिला सर्वांत मोठा आकडा सरकारच्या खाती पडेल, दुसरा आपल्यासारख्या सुस्थितीतल्यांच्या आणि सर्वांत लहान आकडा खादरमध्ये राहणाऱ्याच्या. आज नुकसानीचा क्रम याच्या नेमका उलटा आहे. नागरिकाने आपला वाटा उचलावा अशी अपेक्षा जरूर करावी, पण ती करण्याचा हक्क त्या सरकारला आहे, ज्याने आपला वाटा आधी जाहीरपणे मोजून दाखवला असेल.